संहिता हातात नसताना: नवं नाटक घडवणाऱ्या नटांची तालीम

तुमच्याकडे सहा-आठ नट आहेत, एक रिकामी खोली आहे आणि नाटक अजून कुणी लिहिलेलं नाही. ते तालमीतच, सगळ्यांनी मिळून उभं करायचं आहे. अशा वेळी बहुतेक गट पहिल्याच दिवशी गोल करून बसतात आणि विषयावर बोलू लागतात. चर्चा रंगते, दोन आठवडे निघून जातात, वह्या भरतात. मग कुणीतरी उठून काही करून दाखवायला जातं आणि सगळ्यांच्या लक्षात येतं, की करून बघायची सवयच कुणाला लागलेली नाही.

हा लेख अशा गटांसाठी आणि त्यांची तालीम घेणाऱ्यांसाठी आहे. अशा तालमी घेताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. उत्स्फूर्तपणे काहीतरी करून दाखवायला नट लवकर शिकतात. केलेल्यातलं काय ठेवावं हे ओळखणं, ते दुसऱ्या दिवशी तितक्याच जिवंतपणे करणं आणि उरलेलं सोडून देणं मात्र शिकवावं लागतं. शिबिरांमध्ये नेमका हाच भाग राहून जातो. म्हणून या लेखात मी त्यावरच जास्त वेळ घालवणार आहे.

वेळेचा माझा हिशेब असा: बारा आठवडे, आठवड्याला चार दिवस, दिवसाला तीन तास, म्हणजे १४४ तास. त्यातले पहिले चार आठवडे फक्त अंग, लक्ष आणि खेळ. पुढचे पाच आठवडे तुकडे तयार करण्याचे. शेवटचे तीन जोडण्याचे आणि काढून टाकण्याचे. तुमच्याकडे वेळ कमी असेल तर सगळंच त्या प्रमाणात कमी करा, पण पहिला भाग पूर्ण गाळू नका.

पहिली पायरी: उभं राहण्याआधी ठरवायच्या गोष्टी

गटात सहा ते आठ जण असावेत. पाचापेक्षा कमी असले तर बाहेर बसून पाहायला कुणी उरत नाही, दहाच्या वर गेले तर निम्मे लोक वाट बघत बसतात. जमिनीवर चिकटपट्टीने एक चौकट आखा. चौकटीत आहे तो रंगमंचावर, बाहेर आहे तो प्रेक्षक. एवढ्या एका रेषेने खोलीतल्या गप्पा आपोआप कमी होतात, कारण आत पाऊल टाकणं ही कृती होते. प्रत्येक तालमीत कुणीतरी रेषेबाहेर असलंच पाहिजे, आणि ही जागा दिग्दर्शकाने अडवून ठेवायची नाही. आळीपाळीने सगळ्यांनी तिथे बसायचं.

तीन गोष्टी पहिल्या दिवशी कागदावर उतरवा. हे काम अवघड वाटतं, म्हणून लोक ते पुढे ढकलतात आणि नाटक उभं राहिल्यावर त्याच गोष्टींवरून गट फुटतात.

पहिली गोष्ट लेखनाची. तालमीत सुचलेलं वाक्य कुणाचं? शेवटी संहितेवर नाव कुणाचं लागणार? पुढे दुसऱ्या कुणी हे नाटक केलं तर मानधन कसं वाटायचं? उत्तर काहीही असू दे, पण ते काम सुरू व्हायच्या आधी असू दे. दुसरी गोष्ट स्पर्शाची. अंगाला हात लागणार असेल तर आधी विचारायचं, आणि कुणीही ‘थांब’ म्हटलं की काम तिथल्या तिथे थांबायचं. कारण विचारायचं नाही. तिसरी गोष्ट खाजगी आठवणींची. नटाने स्वतःच्या आयुष्यातलं काही तालमीत आणलं, तर प्रयोगाच्या आदल्या दिवसापर्यंत ते परत घ्यायचा हक्क त्याचा. हा हक्क आहे हे माहीत असलं की लोक जास्त मोकळेपणाने देतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरी पायरी: अंग आणि लक्ष

नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक (अंगाचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेषभूषेचा) आणि सात्त्विक (आतल्या भावाचा). तयार संहितेची तालीम आपण वाचनाने, म्हणजे वाचिकाने सुरू करतो. इथे शब्दच नाहीत, त्यामुळे सुरुवात अंगापासून करावी लागते. रोजची पहिली चाळीस मिनिटं यासाठी ठेवा.

सर्वात उपयोगी व्यायाम चालण्याचा आहे. सगळ्यांनी चौकटीत चालायचं, साध्या वेगाने, आणि रिकामी दिसेल ती जागा भरत राहायचं. मग कुणीही नेतृत्व न करता सगळ्यांनी एकदम थांबायचं. कुणीही न सांगता पुन्हा एकदम निघायचं. सुरुवातीला कुणीतरी थांबतो आणि बाकीचे त्याच्यामागे थांबतात, हे स्पष्ट दिसतं. आठवड्याभरात हे अंतर कमी होतं आणि एका दिवशी खरोखरच सगळे एका श्वासावर थांबतात. तो क्षण बाहेर बसलेल्याला लगेच कळतो. पुढची पातळी अशी: एकच जण चालेल, बाकीचे स्थिर. तो थांबला की दुसरा कुणीतरी निघाला पाहिजे, पण एका वेळी एकच. नंतर दोन, मग तीन. यातून नटाला अख्ख्या खोलीचं भान येतं. स्वतःपुरतं चांगलं करणारा नट अशा नाटकात फार पुढे जात नाही, म्हणून हे भान आधी.

नृत्यरचनाकार मेरी ओव्हरली यांनी रंगमंचावरच्या कामाचे सहा घटक मांडले: अवकाश, आकार, वेळ, भावना, हालचाल आणि कथा. पुढे दिग्दर्शिका अ‍ॅन बोगार्ट आणि टीना लँडाउ यांनी त्यातून नटांसाठी व्ह्यूपॉइंट्स या नावाची विस्तृत पद्धत तयार केली. यातली शिकण्यासारखी मूळ गोष्ट म्हणजे सहा घटकांचा दर्जा सारखा आहे. कथा आणि भावना या सहापैकी फक्त दोन. आपल्यातल्या बहुतेकांना तेवढ्या दोनच येतात, म्हणून तालमीत प्रत्येक प्रसंग भांडण आणि रडण्याकडे वळतो. एक दिवस फक्त अंतरावर काम करा: दोन नट, संवाद नाहीत, दोघांमधलं अंतर हेच एकमेव साधन. दुसऱ्या दिवशी फक्त वेग. तिसऱ्या दिवशी एकच हालचाल पुन्हा पुन्हा. नाट्य किती ठिकाणी दडलेलं असतं हे नटांना त्यातून कळू लागतं.

फ्रेंच नाट्यशिक्षक जाक लकॉक यांनी १९५६ साली पॅरिसमध्ये आपली शाळा सुरू केली. तिथलं शिक्षण तटस्थ, म्हणजे कुठलाही भाव नसलेल्या, मुखवट्यापासून सुरू होई. चेहरा झाकला की चेहऱ्याची युक्ती चालत नाही, अंगालाच बोलावं लागतं. तुमच्याकडे असा मुखवटा नसेल तर एक साधा पर्याय मी वापरतो. नटाला प्रेक्षकांकडे पाठ करून बसवायचं. तो कुणाची तरी वाट बघतोय. मागून कुणीतरी येतं, उभं राहतं आणि निघून जातं. पाठमोऱ्या माणसाचे खांदे, मान, श्वास यांतून काय काय वाचता येतं ते बाहेरच्यांनी सांगायचं.

आवाजाचा व्यायाम रोज दहा मिनिटं पुरे: श्वास, खर्ज, स्पष्ट उच्चार. फक्त तो चालता-धावताना करून घ्या, कारण प्रयोगातही नट एका जागी उभे राहून बोलणार नाहीत.

तिसरी पायरी: खेळ

दुसऱ्या आठवड्यापासून उत्स्फूर्त खेळ सुरू करा. शिकागोत काम केलेल्या नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांनी याचा पाया घातला. त्यांची युक्ती अगदी सोपी होती: नटाला भावना द्यायची नाही, सोडवायला एक अडचण द्यायची. ‘तू घाबरलेला आहेस’ असं सांगितलं की नट घाबरल्याचं दाखवतो. ‘शेजारच्या खोलीतल्या माणसाला आवाज न जाऊ देता ही जड पेटी हलव’ असं सांगितलं की त्याचं अंग कामाला लागतं, आणि पाहणाऱ्याला भीती दिसते.

उत्स्फूर्त अभिनयाचे शिक्षक कीथ जॉनस्टन यांनी दाखवून दिलेली गोष्ट मी पहिल्याच महिन्यात शिकवतो: दोन माणसं समोरासमोर आली की त्यांच्यात वर-खालीचं एक नातं क्षणात ठरतं, आणि ते बोलण्यापेक्षा बसण्या-उठण्यातून, नजरेतून ठरतं. व्यायाम असा. दोन नटांनी एखादा अगदी साधा संवाद करायचा, चार वाक्यांचा. ‘आलात?’ ‘हो.’ ‘बसा.’ ‘नको, निघतोच.’ पहिल्यांदा दोघांनीही दुसऱ्यापेक्षा किंचित वर राहायचं. मग दोघांनीही किंचित खाली. मग सुरुवातीला वर असलेल्याने शेवटी खाली यायचं. शब्द तेच, पण दर वेळी नवं नाटक उभं राहतं. ‘किंचित’ हा शब्द महत्त्वाचा आहे. फरक मोठा केला की व्यंगचित्र होतं.

जॉनस्टन यांचा आणखी एक आग्रह होता: नटाने वेगळं काही सुचवायच्या मागे लागू नये, पहिल्यांदा जे डोक्यात येईल तेच करावं. नव्या गटाला हे पटायला वेळ लागतो. हुशार नट तर दर वेळी काहीतरी चमकदार करू पाहतो आणि समोरच्याने दिलेलं हातातून घालवतो. त्याला सांगा, की समोरच्याने टाकलेलं वाक्य आधी स्वीकार, त्यावर एक वीट चढव आणि परत दे.

चौथी पायरी: टास्क कसा द्यायचा

आता नाटकाचं साहित्य तयार करायला सुरुवात होते. यशापयश इथे टास्क कसा दिला यावर ठरतं, आणि दहातल्या नऊ वेळा चूक तालीम घेणाऱ्याची असते.

‘एकटेपणावर काहीतरी करा’ हा वाईट टास्क आहे. नट खिडकीशी जाऊन उभे राहतील, दूर कुठेतरी बघतील, कुणी गुडघ्यात डोकं घालेल. आता हा घ्या: ‘तिघं जण, दोन खुर्च्या. बोलायचं नाही. तीन मिनिटं. सुरुवातीला दोन्ही खुर्च्या भरलेल्या, शेवटी दोन्ही रिकाम्या, आणि मध्ये एकदा तिघांनीही एकाच गोष्टीवर हसायचं.’ यात एकटेपणा हा शब्दच नाही, पण जो प्रसंग येईल त्यात तो बहुधा सापडेल.

टास्कमध्ये काय काय असावं? माणसं किती, वेळ किती, वस्तू कोणती, आणि दोन-तीन अटी. अटी बाहेरून मोजता येतील अशा हव्यात: दहा सेकंद पूर्ण शांतता. एक प्रवेश उशिरा. एक वाक्य तीनदा, दर वेळी वेगळ्या माणसाला. एका वस्तूचा तिच्या नेहमीच्या उपयोगापेक्षा निराळा उपयोग. तयारीला वीस मिनिटं द्या, त्याहून जास्त नको. जास्त वेळ दिला की गट बसून बोलू लागतो. वेळ अपुरा वाटला पाहिजे, तरच ते उभं राहून करतात.

लकॉक यांच्या शाळेत १९६८ नंतर एक प्रथा सुरू झाली. विद्यार्थी शिक्षकाविना, स्वतःचे गट करून, दिलेल्या विषयावर प्रसंग बसवत आणि ठरलेल्या दिवशी सगळ्यांसमोर सादर करत. मी हे आठवड्यातून एकदा करतो. शेवटच्या दिवशी पहिला दीड तास मी खोलीतच नसतो. पहिल्यांदा नट गोंधळतात, कुणीतरी दिग्दर्शक होऊन बसतं, कुणाचा आवाज दबतो. ते होऊ द्या. तीन-चार आठवड्यांत ते स्वतःच कामाचे वाटे घालायला शिकतात.

साहित्य कुठून आणायचं याच्या वाटा पुष्कळ आहेत. वस्तू, छायाचित्र, बातमीचं कात्रण, एखादं पत्र. सगळ्यांत समृद्ध वाट मुलाखतींची. नटाने जाऊन खऱ्या माणसाशी बोलायचं, त्याच्या परवानगीने ध्वनिमुद्रण करायचं आणि ते अडखळण्यासकट, ‘अं’ आणि ‘म्हणजे’सकट लिहून काढायचं. मग नट ते तसंच्या तसं बोलतो. सुधारत नाही, सजवत नाही. माणसं प्रत्यक्षात किती तुटक आणि किती नेमकं बोलतात हे नटाच्या कानाला कळलं की त्याचे उत्स्फूर्त संवादही बदलतात. ज्याची मुलाखत घेतली त्याला आधीच सांगा, की हे रंगमंचावर येऊ शकतं. आल्यावर त्याला बोलवा.

तुमचं नाटक पात्रांच्या अंगाने जाणार असेल तर ब्रिटिश दिग्दर्शक माइक ली यांची पद्धत माहीत असावी. नट आपल्या ओळखीच्या माणसांची यादी आणतो, त्यातून दिग्दर्शकाबरोबर एकट्याने पात्र घडवतो आणि प्रसंग करताना पात्राला जेवढं माहीत असेल तेवढंच नटालाही माहीत असतं. त्यामुळे समोरच्याच्या वाक्याने बसलेला धक्का खरा असतो. पण या पद्धतीला फार मोठा काळ लागतो. तीन महिन्यांत पूर्ण नाटकासाठी ती झेपणार नाही, दोन-तीन प्रसंगांसाठी वापरा.

पाचवी पायरी: पाहायला शिकवणं

तुकडा संपतो. टाळ्या पडतात. कुणीतरी म्हणतं, ‘भारी झालं.’ दुसरं कुणी म्हणतं, ‘मला नाही पटलं, मी असतो तर…’ इथे तालीम बिघडते. ‘भारी’मधून करणाऱ्याला काहीही कळत नाही, आणि ‘मी असतो तर’ने त्याचं काम त्याच्या हातातून काढून घेतलं जातं.

माझा नियम: तुकडा संपल्यावर पहिला प्रश्न ‘काय दिसलं?’ एवढाच. मत नको, अर्थ नको. ‘ती दारापाशी दोनदा थांबली.’ ‘त्याने कप उचलला पण प्यायला नाही.’ ‘शेवटी दोघांचे श्वास एका लयीत होते.’ पाच मिनिटं फक्त एवढंच. नव्या गटाला हे भलतंच जड जातं, कारण आपण पाहण्याआधीच मत बनवतो. पण दोन आठवड्यांत बाहेर बसणाऱ्यांची नजर तयार होते, आणि तीच माणसं आत गेल्यावर आपण काय दाखवतो आहोत याचं भान ठेवू लागतात. नटाला बाहेरून स्वतःकडे पाहता येत नाही. दुसऱ्यांकडे नीट पाहून पाहूनच तो ते मिळवतो.

त्यानंतरच्या चर्चेसाठी नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास आखलेला चार टप्प्यांचा क्रम मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. आधी पाहणारे सांगतात, त्यांच्यासाठी काय अर्थपूर्ण होतं, काय लक्षात राहिलं. मग करणारा स्वतः प्रश्न विचारतो. मग पाहणारे प्रश्न विचारतात, पण ज्यांत मत लपलेलं नाही असे. ‘इतका संथ का केलास?’ यात मत आहे. ‘वेग ठरवताना काय डोक्यात होतं?’ यात नाही. आणि शेवटी, करणाऱ्याची परवानगी घेऊन, मत: ‘शेवटाबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?’ करणारा ‘आत्ता नको’ म्हणू शकतो. या क्रमाची भीड वाटते, तो कृत्रिम वाटतो. तरी महिनाभर काटेकोरपणे पाळा. तिसरा टप्पा सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत उपयोगी. मत बाजूला ठेवून प्रश्न घडवता घडवता पाहणाऱ्यालाच आपल्याला नेमकं काय खटकलं ते सापडतं.

सहावी पायरी: काल झालं ते आज करणं

प्रत्येक गटात हा दिवस येतो. काल एक तुकडा असा झाला की खोली गप्प झाली. आज तोच केला आणि त्यात जीव नाही. नट खचतात, म्हणतात, ‘ते एकदाच होतं.’ मग नवा तुकडा, परत नवा तुकडा, आणि हातात काही उरत नाही.

काय झालेलं असतं? काल नट कशाला तरी उत्तर देत होता, आज तो कालच्या उत्तराची नक्कल करतोय. दुरुस्ती करायची तर त्याला परिणामापासून मागे, कारणापर्यंत न्यायला हवं. रशियन दिग्दर्शक आणि अभिनयशिक्षक स्तानिस्लाव्हस्की १९३८ साली वारले. आयुष्याच्या शेवटच्या काळात भावना थेट बोलावण्यापेक्षा शारीरिक कृतींच्या क्रमाने प्रसंग बांधण्यावर त्यांचा भर होता. भावना आज्ञेने येत नाही, कृती करता येते. म्हणून नटाला विचारा: तू काय करत होतास? कुठे बघत होतास? समोरच्याने काय केल्यावर तू उठलास? उठण्याआधी श्वास घेतलास की सोडलास? ही उत्तरं लिहून काढा, कृतीमागून कृती. पंधरा-वीस ओळी होतात. हा त्या तुकड्याचा आराखडा.

दुसऱ्या दिवशी आराखडा आधी कोरडा करायचा. भाव आणायचा प्रयत्नच नको. नजर, पावलं, श्वास, वस्तू, क्रम. मग वेग मूळचा. मग समोरच्याकडे खरंच बघून. बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या खेपेला तुकडा परत येतो, आणि या वेळी तो टिकतो. पोलिश दिग्दर्शक येर्झी ग्रोटोव्हस्की यांच्या मंडळीतले नट रिशार्ड चेश्लाक यांनी आराखड्याला काचेची उपमा दिली होती आणि आत जळणाऱ्या मेणबत्तीला नटाच्या आतल्या घडामोडीची. काच रोज तीच राहते, ज्योत रोज वेगळी हलते. नटांना मी हे सांगतो तेव्हा एक जोडतो: काच पातळ हवी, नाहीतर ज्योत दिसत नाही.

यासाठी नोंदवही लागते. दररोज एक जण वहीवाला. प्रत्येक तुकड्याला नाव द्या, जे ऐकताच सगळ्यांना तो आठवेल: ‘दोन खुर्च्या’, ‘ओली चप्पल’, ‘फोन कुणाचा’. नावाखाली तारीख, दिलेला टास्क शब्दशः, कोण होतं, आणि ‘काय दिसलं’मधली तीन-चार निरीक्षणं. व्हिडिओ करून ठेवायला हरकत नाही, पण नटांना तो लगेच दाखवू नका. व्हिडिओ पाहिलेला नट आपला चेहरा पाहतो आणि पुढच्या खेपेला तो चेहरा सांभाळतो. आराखडा लिहून झाल्यावर, शंका असेल तेवढ्यापुरता व्हिडिओ उघडा.

सातवी पायरी: जोडणं आणि काढणं

नवव्या आठवड्याच्या शेवटी वहीत चाळीस-पन्नास नावं असतील. प्रत्येक नाव एका कार्डावर लिहा आणि कार्डं जमिनीवर पसरा. ज्यांच्याशिवाय हे नाटक होऊच शकत नाही असं वाटतं ती प्रत्येकाने मुकाट्याने उचलायची, फक्त पाच. जी अनेकांच्या हातात येतात तो तुमचा कणा. आपण काय करतो आहोत हे गटाला बहुधा याच दिवशी पहिल्यांदा समजतं. मग क्रम लावा, वाचा, मोडा, पुन्हा लावा. प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न: हा झाल्यावर पाहणाऱ्याला असं काय कळतं, जे आधी माहीत नव्हतं? उत्तर नसेल तर कार्ड बाजूला.

गटात लेखक असेल तर इथे त्याला एकांत द्या. ब्रिटनमधल्या जॉइंट स्टॉक या १९७४ साली सुरू झालेल्या मंडळीने हे फार चांगलं केलं होतं: काही आठवडे नट, दिग्दर्शक आणि लेखक यांनी एकत्र शोध घ्यायचा, मग लेखकाने एकट्याने लिहायचं, आणि मग संहिता घेऊन तालमी. मधला हा खंड नटांना रिकामा वाटतो. पण समितीने लिहिलेल्या नाटकात प्रत्येकाचं थोडं थोडं उरतं आणि कुणाचंच पूर्ण होत नाही, हे मी पाहिलं आहे. लेखक नसेल तर गटातल्या एकाला रचनेचा अंतिम शब्द द्या, आणि तो कोण हे पहिल्या दिवसाच्या कागदावर लिहिलेलं असू दे.

काढून टाकणं दुखतं. एका गटात एका अभिनेत्रीने स्वतःच्या घरातली एक आठवण आणली होती. तालमीत ती सांगताना रडली, आम्ही सगळेच हललो. नाटकात तो तुकडा नक्की होता. पण बाहेरून पाहायला आलेल्या चौघांपैकी एकालाही तो आठवला नाही. दोन दिवस मी तिला सांगायला धजलो नाही. शेवटी सांगितलं, आणि तिनेच सुचवलं, की हा तुकडा दुसऱ्या कुणाला करू दे. गटातल्या सगळ्यांत अबोल नटाने तो केला, न रडता, जवळजवळ हिशेब वाचल्यासारखा, आणि ती त्याच्या शेजारी बसून ऐकत राहिली. तो तुकडा राहिला. तेव्हापासून मी प्रत्येक खाजगी तुकडा एकदा तरी दुसऱ्याला करायला देतो. आठवण ज्याची, त्याला ती सांगताना ती पुन्हा भोगावी लागते. दुसऱ्याला ती प्रेक्षकांसाठी घडवावी लागते.

दोन तुकड्यांमधल्या जागांकडे वेगळा दिवस ठेवा. अंधार करून सामान हलवणं हा सगळ्यांत आळशी मार्ग. खुर्ची उचलणारा नट उचलताना कोण आहे, कुठल्या वेगाने जातो, कुणाकडे बघतो, हे ठरवलं की तो सांधाही नाटक होतो. चालण्याचे पहिल्या महिन्यातले व्यायाम इथे कामाला येतात.

आठवी पायरी: परके डोळे

प्रयोगाच्या तीन आठवडे आधी पाच-सहा माणसं बोलवा. निम्मी नाटकातली, निम्मी नाटकाशी संबंध नसलेली. आधी काहीही समजावून सांगू नका. ‘अजून कच्चं आहे’ हेसुद्धा नको, ते त्यांना दिसेलच. प्रयोगभर एका नटाने नाटकाकडे न बघता त्यांच्याकडे बघायचं आणि लिहायचं: कुठे पुढे झुकले, कुठे खुर्चीत हलले, कुठे एकमेकांकडे पाहिलं. नंतर दोनच प्रश्न: काय आठवतं, आणि कुठे हरवलात? ‘आवडलं का’ विचारू नका, लोक भिडेपोटी हो म्हणतात. आलेल्या उत्तरांवर त्याच रात्री काही बदलू नका. एक रात्र जाऊ द्या.

नववी पायरी: कुणी सोडून गेलं तर

हा प्रश्न अशा नाटकात हमखास येतो आणि त्याची तयारी कुणी करत नाही. भूमिका त्या नटाच्या अंगातून घडलेली असते, छापील संहितेत तिचा पाव हिस्साही नसतो. बदली नटाला व्हिडिओ देऊन ‘हे असं कर’ म्हटलं की तो गेलेल्या माणसाची नक्कल करतो. बाकीचे नटही त्याच्याकडे न बघता आठवणीतल्या माणसाशी बोलत राहतात.

त्याऐवजी नोंदवही काढा. प्रत्येक तुकड्याच्या नावाखाली मूळ टास्क शब्दशः लिहिलेला आहेच. नव्या नटाला आधी तो टास्क द्या, तुकडा न दाखवता, वीस मिनिटांची तयारी देऊन, जुन्या सोबत्यांबरोबर. तो स्वतःचं काहीतरी करेल. मग आराखडा द्या आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा, कुठे त्याचं ठेवता येतं आणि कुठे क्यूसाठी, म्हणजे सोबत्याला मिळणाऱ्या इशाऱ्यासाठी, जुनं पाळावं लागतं. साधारण एका तुकड्याला एक तालीम धरा. पहिल्या दिवशी मात्र तुकड्यांना हात लावू नका. सगळ्यांनी चौकटीत यावं, रिकाम्या जागा भरत चालावं, आणि कुणी न सांगता एकदम थांबता येईपर्यंत चालत राहावं.